क्लब बंद पडला, मग रस्ते शांत झाले का?

जुना मेकॅनिक, धुळे
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'मोटरसायकल रेसिंग क्लब पुन्हा सुरू करणं म्हणजे टवाळ पोरांना मोकळं रान देणं.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

क्लब होता तेव्हा तिथे मी हात काळे केलेत. गावाबाहेरचं पडीक रान, फक्कीने आखलेला ट्रॅक, राजदूत, येझदी, पुढे आरएक्स १००. हेल्मेट नसेल तर पोराला किकसुद्धा मारू द्यायचो नाही. शर्यतीआधी ब्रेक, चेन, क्लच वायर, सगळं तपासायचं. प्लगचा रंग वाचायला मी तिथेच शिकलो. चॉकलेटी दिसला तर मिक्श्चर बरोबर, काळाकुट्ट असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर इंजिन तापतंय. माझ्यासोबतच्या तिघांनी त्या शिक्षणावर गॅरेज टाकली, पोरांची लग्नं केली.

आजची पोरं कुठे शिकतात? लळिंगच्या उतारावर, ट्रकांच्या मधून. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, परवानगी मिळते, मग या पोरांना चार एकर जागा का नाही?

सिस्टर, पारोळा
दादा, तुम्ही प्लगचा रंग बघितला, मी कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या केल्यात. माझा भाचा रस्त्यावर गेला, हे खरं. पण वेगाचं वेड त्याला अशाच एका मैदानावर लागलं होतं. टाळ्या तिथे मिळाल्या, डोकं हायवेवर फुटलं. फायदे सांगताना हेही सांगा.

पटवाला, शिरपूर
काय बोली राह्यनात भाऊ? शंकरपट मधे कशाला आणला? गाडीत पेट्रोल टाकलं की झालं. बैलाला वर्षभर सरकीची ढेप लागते, अंगावर मायेचा हात लागतो. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि आमच्या आबांनी जोडी विकली. दावणीकडे बघून जेवायचे नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला, पण ते बघायला आबा नव्हते. तुमच्या फटफटीशी त्याची बरोबरी करू नका.

शेतकरीण, चोपडा
मायेचा हात? शेपटी पिरगाळताना मी डोळ्यांनी बघितलंय. आमचाही बैल होता. पटातून आला तो लंगडतच, पेरणीला उभा राहिला नाही. त्या वर्षी उसनी जोडी आणून कपाशी लावली.

पटवाला, शिरपूर
असं करणाऱ्याला आम्हीच मैदानातून हाकलतो! एकाच्या पापासाठी सगळ्या खान्देशाला शिव्या देऊ नका. तुमचा बैल पटात कुणी पळवला, त्याला विचारा.

शेतकरीण, चोपडा
माझ्याच दिराने. विचारलं होतं. दोन वर्षं बोलणं बंद होतं.

जुना मेकॅनिक, धुळे
पटवाले भाऊ, चिडू नका, तुम्ही माझीच बाजू मांडताय. पटाला आता कलेक्टरची परवानगी लागते, अटी असतात. बंदीपेक्षा अटी बऱ्या, एवढंच मी गाड्यांबद्दल म्हणतो.

वकील, अमळनेर
मेकॅनिककाका, भावना ठीक आहे, पण कायदा बघा. सार्वजनिक जागेत सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ५,००० पर्यंत दंड, पुन्हा सापडला तर १०,०००. पोरगा अठराच्या आतला असेल आणि रस्त्यावर गुन्हा केला, तर १९९अ खाली पालकाला २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. क्लब हवाच असेल तर खाजगी बंदिस्त जागा घ्या आणि मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय फेडरेशनशी संलग्न व्हा. नुसती फक्की मारून आता चालणार नाही.

जुना मेकॅनिक, धुळे
मान्य. आमच्या वेळी डॉक्टर नव्हता. एकाचं पायाचं हाड मोडलं तेव्हा त्याला टेम्पोत घालून नेलं, वाटेत तो बेशुद्ध पडला. हे कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पण ट्रॅकवर निदान समोरून ट्रक येत नाही, सिस्टर. एवढं तरी माना.

सिस्टर, पारोळा
एवढंच मानते, त्याहून जास्त नाही. अँब्युलन्स मैदानावर उभी असल्याशिवाय एकही इंजिन सुरू होणार नाही आणि ट्रॅकबाहेर रेस लावताना दिसला त्याचं नाव कायमचं कापलं जाईल, हे आधी कागदावर लिहून द्या. दिलंत तर रविवारी पट्ट्या-औषधं घेऊन मी येते. आणि बैलांचं भांडण कृपा करून वेगळ्या धाग्यावर न्या.