स्ट्रॉम्बोली बघायचाय: इटलीच्या एओलियन बेटांवर मुक्काम कुठं करावा?

भूगोलबाई_सातारा

नमस्कार मंडळी. सातारच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. यवतेश्वरच्या घाटातला काळा कातळ दाखवून "हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा बरं का" असं पोरांना सांगण्यात जन्म गेला. "स्ट्रॉम्बोली: भूमध्य समुद्रातील दीपस्तंभ" हे फळ्यावर किती वेळा लिहिलं ते त्या खडूलाच ठाऊक. जागृत ज्वालामुखी मात्र डोळ्यांनी बघायचा राहिलाय. मुलगा जर्मनीत असतो. तो म्हणतो, मे महिन्यात या, तिथून सिसिलीला जाऊ.

पुण्यातल्या एका टूरवाल्यानं "दोन दिवसांत पाच बेटं" असा कागद हातात ठेवलाय. त्यात जेवणाच्या वेळा आहेत, पण ज्वालामुखी रात्री बघायचा की दुपारी, याचा पत्ता नाही. आमच्याकडे आठवडाभर वेळ आहे. सातही बेटं होतील का? स्ट्रॉम्बोलीवर चढता येतं का? ह्यांचा डावा गुडघा कुरकुरतो आणि माशाचा वासही चालत नाही, हेही धरून सांगा.

कृष्णाकाठचा_खलाशी

बाई, नमस्कार. मी सांगलीचा, तेलाच्या टँकरवर सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचा अधिकारी. सिसिलीतल्या मिलाझोच्या रिफायनरीला आमचं जहाज लागतं आणि बेटांच्या बोटी त्याच गावातून सुटतात. सुट्टीत बायकोला घेऊनही तिकडं राहून आलोय.

आधी तो टूरवाल्याचा कागद बाजूला ठेवा. दोन दिवसांत पाच बेटं म्हणजे पाच धक्के बघणं.

सात बेटं अशी: लिपारी, वुल्कानो, सालीना, पानारेआ, स्ट्रॉम्बोली, फिलिकुदी, अलिकुदी. तुम्हाला ज्वालामुखी बघायचाय ना, मग लिपारी किंवा सालीनाला तळ ठोका, दोन रात्री स्ट्रॉम्बोलीला द्या आणि जमलं तर एक दिवस वुल्कानोला. बाकीच्यांचा मोह सोडा. अलिकुदीवर तर गाडीरस्ताच नाही. पायऱ्याच पायऱ्या, सामान खेचरावर. गुडघेवाल्यांचं ते काम नाही.

आता स्ट्रॉम्बोली. बेट म्हणजे ९२४ मीटरचा डोंगरच, खाली समुद्रात त्याचं बूड आणखी खोल गेलंय. ३ जुलै २०१९ ला मोठा स्फोट झाला, डोंगरावर असलेला एक माणूस गेला. तेव्हापासून माथ्यावर जायची बंदी आहे. परवानगी असते तेव्हा गाइडबरोबर ४०० मीटरपर्यंत आणि आपल्या आपण २९० मीटरपर्यंत, असा नियम. डोंगराचा मूड बदलला की तेही बंद होतं, म्हणून निघायच्या आठवड्यात चौकशी कराच. २९० मीटर म्हणजे सातारा गावातून अजिंक्यतारा चढण्याएवढं, जवळपास. साहेबांच्या गुडघ्याला झेपेल का, ते तुम्हीच ठरवा.

पण खरं सांगू का, चढायची गरजच नाही. बेटाच्या वायव्य अंगाला स्चारा देल फुओको नावाचा काळा उतार आहे. लाव्हा आणि दगडगोटे त्याच्यावरनं थेट समुद्रात जातात. संध्याकाळच्या बोटी त्याच्यासमोर, सुरक्षित अंतर ठेवून थांबतात. इंजिन मंद करतात, मग बोटीवर कुणी बोलत नाही. दहा-वीस मिनिटांनी वर लाल कारंजं उडतं, आवाज जरा मागनं येतो, आणि मग तापलेले धोंडे घरंगळताना ठिपक्यांसारखे दिसतात. कधी लागोपाठ दोन होतात, कधी अर्धा तास काहीच नाही. पैसे परत मागायची सोय नाही!

मेसिनाची खाडी ओलांडून रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पाळीला, आम्ही त्याच्या जवळनं जातो. नवा कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, असला की तो हा कुठला दीपस्तंभ म्हणून चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, शोधत बसतो, आम्ही बघत राहतो.

बोटींचं नीट समजून घ्या. 'अलिस्काफो' म्हणजे वेगानं धावणारी हायड्रोफॉइल, मिलाझो ते लिपारी साधारण तासाभरात. आत बसायचं, काचेवर मीठ साचलेलं, बाहेर उभं राहता येत नाही. 'नावे' म्हणजे मोठी फेरी. दुप्पट वेळ घेते, पण डेक उघडा असतो. वारा सुटला की आधी अलिस्काफो रद्द होतात, नावे त्यातल्या त्यात तग धरते. तीही कधी कधी अडकते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. मिलाझो नाहीतर सिसिलीतल्याच कतानिया शहरात येऊन झोपा.

मिरजेची_मेघना

व्हिसाचं मी सांगते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटली-जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज जायच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेचं बघताय तर जानेवारीतच अपॉइंटमेंट धरा, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत. फी ९० युरो. प्रवासविमा किमान ३० हजार युरोचा लागतो, पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू हवा. मुलाकडे जर्मनीत जास्त दिवस राहणार असाल तर अर्ज इटलीकडे नाही, जर्मनीकडे करायचा. ह्यात बरेच लोक फसतात.

जेवणाचं: साहेबांना 'पास्ता आल्ला नोर्मा' मागवा. तळलेलं वांगं, टोमॅटो, वर खारवलेलं रिकोटा चीज. 'पाने कुन्झातो' म्हणजे भाजलेल्या मोठ्या पावावर टोमॅटो, ऑलिव्ह, केपर. त्यावर बऱ्याचदा टूना घालतात, म्हणून "सेन्झा तोन्नो" म्हणा. अँकोव्ही मासा तर चटणीत विरघळून गेलेला असतो, दिसतसुद्धा नाही. तेव्हा "सेन्झा आच्चुगे" हेही पाठ करा. सकाळी बदामाची ग्रानिता (बर्फाळ सरबत) आणि ब्रिओश पाव. सालीनाचे केपर प्रसिद्ध आहेत. मिठात मुरवलेल्या कळ्या असतात, धुऊन घ्याव्या लागतात.

वाई_वाला

एवढा खर्च कशाला? आपल्या अंदमानात बॅरन बेट आहे की! भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, १९९१ ला पुन्हा पेटला. आपला देश सोडून लोकांना बाहेरचंच कौतुक.

कृष्णाकाठचा_खलाशी

@वाई_वाला, बॅरनवर उतरायची परवानगी नाही, लांबनंच बघायचं. शिवाय तिथं वस्ती नाही. स्ट्रॉम्बोलीवर माणसं राहतात, दुकानं आहेत, शाळा आहे. बाईंना तेही बघायला आवडेल. अंदमानला जरूर जा, पण ती वेगळी सहल.

भूगोलबाई_सातारा

सगळ्यांचे आभार. वाईकर, तुमचंही बरोबर आहे, पण फळ्यावर मी बॅरन इतक्यांदा नाही लिहिलं!

ठरलं असं: सालीनाला तीन रात्री, स्ट्रॉम्बोलीला दोन, शेवटची कतानियाला. आता दोन शंका. स्ट्रॉम्बोलीच्या धक्क्यावरून खोलीपर्यंत सामान कसं न्यायचं? आणि बोटीत ह्यांना मळमळलं तर?

कृष्णाकाठचा_खलाशी

सामानाची काळजी नको. धक्क्यावर तीनचाकी उभ्या असतात, आपली आपे! पियाज्योनं ती १९४८ मध्ये इटलीत काढली आणि आता आपल्या बारामतीत बनते. स्ट्रॉम्बोलीच्या गल्ल्या एवढ्या अरुंद की दुसरं काही शिरणारच नाही. खोलीवाल्याला बोटीची वेळ कळवून ठेवा, बहुतेक तोच पाठवतो.

एक विजेरी मात्र पिशवीत टाका. गावात रस्त्यावर दिवे नाहीत, मुद्दामच ठेवलेले नाहीत. रात्री पुंता लाब्रोंझोकडं चालत गेलात तर गावाच्या टोकावरूनही स्फोट दिसतो, गुडघ्याला तेवढं चालवेल. बुटाचा तळ जाड हवा, कारण किनारा काळ्या वाळूचा आणि गोट्यांचा आहे, उन्हात तापतो.

मळमळीचं औषध बोटीत बसायच्या अर्धा तास आधी द्या, लागल्यावर देऊन उपयोग नसतो. जागा मधोमध घ्या, नाकाकडची नको. आणि सकाळच्या पहिल्या बोटीनं निघा. दुपारनंतर वारा चढतो.