‘चेंबर ऑपेरा’ला मराठीत काय म्हणावे?

जिज्ञासू: उडो त्सिमरमान यांच्या ‘वाइसे रोझे’ (पांढरा गुलाब) या ऑपेराविषयी मी एक टिपण लिहीत आहे. नाझी राजवटीविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल २२ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिकमध्ये ज्यांचा शिरच्छेद झाला, त्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांची अखेरची घटका त्यात आहे. १९८६ साली हाम्बुर्गला रंगमंचावर आलेल्या आवृत्तीत गाणारे दोघेच आणि वादक पंधरा. मी ‘चेंबर ऑपेरा’ असे लिहिले होते. टिपण तपासणाऱ्या स्नेह्यांनी ‘विषय नाझींचा, वाचकाला गॅस चेंबर आठवेल’ असा शेरा मारून ‘कोठडी-संगीतिका’ सुचविले आहे. चालेल का?

आडवळण: मुळीच नाही. तुरुंगाच्या कोठडीला जर्मनमध्ये ‘त्सेले’ म्हणतात. ‘चेंबर’साठी त्यांचा शब्द ‘कामर’, म्हणजे लहान खोली. दिवाणखान्यात मोजक्या वादकांनी वाजवायचे ते चेंबर म्युझिक, त्यावरून हा ऑपेरा. बाकी आमच्या सोसायटीत ‘चेंबर तुंबले आहे’ ही पाटी अख्खा पावसाळा लटकत होती, त्यामुळे मला गॅसच्या आधी गटार आठवते.

मोडीवाचक: ‘कामर’चे मूळ लॅटिन ‘कॅमेरा’. पोर्तुगीजांकडून आलेला आपला ‘कमरा’ त्याच कुळातला, तेव्हा ‘कमरा-संगीतिका’ म्हटले तर परक्याला घरचेच नाव दिल्यासारखे होईल.

शब्दनिष्ठ: कमरा आता हिंदीच वाटतो. ‘कक्ष-संगीतिका’ हा निर्दोष शब्द उपलब्ध असताना उसनवारी कशासाठी?

आडवळण: निर्दोष खरा, पण कक्ष म्हटले की अतिदक्षता आणि नियंत्रण हेच पुढे येतात. शिवाय ‘संगीतिका’ म्हटले की माझ्या पिढीला आकाशवाणी आठवते. ऑपेरा हा ऑपेराच राहू द्यावा.

जिज्ञासू: मग नाझींना झालेल्या विरोधाला जर्मनमध्ये जे ‘विडरश्टांट’ म्हणतात, त्यासाठी मी योजलेला ‘प्रतिकार’ तरी बरोबर आहे ना?

मोडीवाचक: त्या शब्दाचा धात्वर्थ ‘विरुद्ध उभे राहणे’ असा आहे, विजेच्या रोधालाही जर्मन लोक हाच शब्द वापरतात. ‘प्रतिकार’ मात्र औषधाच्या बाटलीवर जाऊन बसला आहे, म्हणून ‘प्रतिरोध’ घ्यावा. त्याहून सुंदर शब्द त्यांच्या पत्रकाचा आहे: ‘फ्लुगब्लाट’, म्हणजे उडते पान. १८ फेब्रुवारीला सोफीने विद्यापीठातील वरच्या कठड्यावरून गठ्ठा लोटला आणि खालच्या चौकात पाने खरोखरच उडाली. तेथेच दोघे पकडले गेले.

शब्दनिष्ठ: आपल्या ‘पत्रक’मध्येही पानच आहे, फक्त ते उडत नाही. आणि ‘प्रति’ म्हणाल तर त्याच सुमारास साताऱ्यात प्रतिसरकार उभे होते, त्याचेच लोकांनी ‘पत्री सरकार’ केले.

साताराकर: क्षमा असावी, पण ‘पत्री’ हा ‘प्रति’चा अपभ्रंश नव्हे. आमचे आजोबा सांगत की फितुरांच्या तळपायाला पत्रे ठोकत, म्हणून पत्री.

शब्दनिष्ठ: आजोबांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, ही व्युत्पत्ती नावामागून आलेली आहे.

साताराकर: नाव तळपायाला ठोकले गेल्यावर मागून काय आणि पुढून काय?

जिज्ञासू: टिपण उद्या द्यायचे आहे. तूर्त ‘चेंबर ऑपेरा’च ठेवते.