रोजच्या वापरासाठी जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घ्यावी का?

प्रश्न : कोथरूडकर

नमस्कार. गेली अकरा वर्षे माझ्याकडे १.२ लिटर इंजिनाची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिने मला रस्त्यात कधीही दगा दिलेला नाही. मात्र दर पंधरा दिवसांनी आम्ही आईवडिलांना घेऊन वाईला जातो, आणि चार माणसे, डिकीत सामान व एसी सुरू अशा स्थितीत खंबाटकीचा घाट चढताना ती दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकते. पुढचा ट्रक ओलांडायचा तर आधी एसी बंद करावा लागतो. मागे सत्तरी ओलांडलेले वडील बसलेले असताना ओव्हरटेक अर्ध्यावर सोडून परत मागे येणे मला आता नकोसे झाले आहे, म्हणून या वेळी टर्बो पेट्रोल घ्यावी असे मनात आहे.

बजेट सात लाखांपर्यंत असल्यामुळे जुनीच गाडी घ्यावी लागेल. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २०१८ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक, रनिंग ५८,००० किलोमीटर, सेकंड ओनर; दुसरी २०२१ ची टाटा अल्ट्रोझ आयटर्बो, मॅन्युअल, ४१,००० किलोमीटर, पहिलाच मालक. रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी असून संध्याकाळी परतताना सव्वा ते दीड तास लागतो, आणि त्यातला बराचसा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो.

आमचे नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, "टर्बोच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्याने वापरलेली तर मुळीच नको." कारण विचारले तेव्हा "ऑइलकडे कोणी बघत नाही" एवढेच ते बोलले. त्यांच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे, आणि गाडी बघायला गेल्यावर नेमके काय तपासावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : भोसरीचा इंजिनवाला

तुमचे मेकॅनिक थोडक्यात बोलले, पण मुद्द्याचे बोलले. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो आपल्या बेअरिंगमध्ये फिरतो ऑइलच्या एका पातळ थरावर. त्या थरात काजळी आली किंवा ऑइल जुने होऊन घट्ट झाले, तर आधी टर्बो जातो आणि इंजिनाची तक्रार पुष्कळ नंतर सुरू होते. साध्या इंजिनाच्या गाडीत ऑइल बदलायला सहा महिने उशीर झाला तर ते इंजिन बहुधा खपवून घेते. टर्बो ते खपवून घेत नाही. तेव्हा टर्बो ही वस्तू नाजूक आहे असे म्हणण्यापेक्षा ती हलगर्जीपणा सहन करत नाही असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते, आणि जुनी गाडी घेताना आपल्याला आधीच्या मालकाचा हलगर्जीपणाच शोधायचा असतो.

म्हणून मीटरवरच्या आकड्याआधी सर्व्हिसची बिले मागा आणि त्यावरच्या तारखा एकाखाली एक लिहून काढा. गाडी वर्षभरात चारच हजार किलोमीटर चालली असली तरी ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदललेच पाहिजेत. लॉकडाऊनच्या काळात घरासमोर उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये मला नेमकी हीच फट सापडते. "बाहेरच्या गॅरेजमध्ये केली, बिल नाही" असे उत्तर मिळाले, तर टर्बो गाडीपुरते तरी ते "केली नाही" असेच धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी पाहायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये. बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे ना, याची खात्री करा. सुरू करण्यापूर्वी ऑइल भरण्याचे झाकण काढून उलटे धरा आणि आत बोट फिरवा. बोटाला तपकिरी, पातळ ऑइल लागले तर ठीक आहे. काळा, चिकट, डांबरासारखा गाळ आला तर पुढचे काही पाहण्यात वेळ घालवू नका. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबून गरम झालेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या पाइपच्या आत ऑइलचा किंचित ओलावा दिसला तर घाबरू नका, तो बऱ्याच चांगल्या गाड्यांतही असतो. मात्र ऑइल साचलेले किंवा ठिबकताना दिसले तर ती वेगळी गोष्ट आहे.

टेस्ट ड्राइव्हसाठी जुना कात्रज घाट उत्तम. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये साधारण दोन हजार आरपीएमपासून हळूहळू दाब वाढवा. ताकद एकसंध यायला हवी, मध्येच अडखळायला नको. बारीक शिट्टीसारखा आवाज स्वाभाविक आहे, पण रुग्णवाहिकेच्या सायरनसारखा चढत जाणारा आवाज म्हणजे बेअरिंगने मान टाकल्याची खूण. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच अर्धा किलोमीटर येऊ द्या, नंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि मागे बसलेल्या माणसाला काचेतून पाहायला सांगा. निळसर धूर निघाला, तर टर्बोच्या किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल जळते आहे. हा प्रयोग नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर मात्र कृपा करून करू नका. तिथे झालेले अपघात आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

उत्तर २ : बाणेरहून

वरील सदस्यांनी इंजिनाविषयी सविस्तर लिहिलेच आहे. माझ्या मते तुमच्या बाबतीत खरा प्रश्न टर्बोचा नसून गिअरबॉक्सचा आहे.

२०१८ च्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आहे, १०५ पीएस ताकदीचे आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्कचे (टॉर्क म्हणजे चाके फिरवणारा जोर), आणि त्याला सात गिअरची ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेली ऑटोमॅटिक, पेटी जोडलेली आहे. मोकळ्या रस्त्यावर ती इतकी सफाईने गिअर बदलते की माणूस तिच्या प्रेमात पडतो. परंतु तिचे दोन्ही क्लच कोरडे असतात, म्हणजे त्यांना गार ठेवायला ऑइल नसते, आणि इंचाइंचाने सरकणाऱ्या वाहतुकीत क्लच सतत अर्धवट पकडलेल्या अवस्थेत घासत राहतात. माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीची याच प्रकारची गाडी होती. विद्यापीठ चौकातल्या एका मे महिन्याच्या संध्याकाळी पेटी तापल्याची सूचना आली, गाडी पुढे जाईना, आणि मागे हॉर्न वाजत असताना मी ती ढकलत कडेला घेतली. पुढे क्लच आणि पेटीचे नियंत्रण करणारा मेकॅट्रॉनिक भाग, दोन्ही बदलावे लागले, आणि त्या खर्चात एक बरी दुचाकी आली असती. प्रत्येक गाडीचे असे होतेच असे नाही, पण तुमचा रोजचा रस्ता नेमका या पेटीला न मानवणारा आहे.

तरीही पोलो पाहायचीच असेल, तर एखाद्या सोसायटीच्या तळघरातला चढ शोधा आणि त्यावर गाडी रिव्हर्समध्ये अगदी सावकाश चढवा. थरथर जाणवली किंवा पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना धक्का बसला, तर ती गाडी सोडून द्या. इंजिन थेट इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणारे, असल्यामुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन धरतो, त्याची सफाई झाली आहे का तेही विचारा. शिवाय २०१८ मध्ये ही गाडी बनली तेव्हा आजचे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विचारात घेतलेले नव्हते, त्यामुळे इंधनाचे रबरी पाइप नीट पाहून घ्या.

पोलोवर मन बसलेच असेल, तर २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल शोधा असे मी सुचवीन. ती ११० पीएसची आहे, आणि त्या वर्षांतल्या ऑटोमॅटिकमध्येही ड्युअल क्लच जाऊन साधी टॉर्क कन्व्हर्टर पेटी (घासणाऱ्या क्लचऐवजी ऑइलमधून जोर पोहोचवणारी) आली. पोलोचे चाकणमधले उत्पादन २०२२ मध्ये थांबले असले तरी त्याच घराण्यातले एक लिटरचे इंजिन पुढे टायगुन आणि व्हर्टसमध्ये आले, त्यामुळे सुट्या भागांची चिंता १.२ पेक्षा कमी राहते.

अल्ट्रोझ आयटर्बोही ११० पीएसची आहे, पण टॉर्क १४० न्यूटन मीटर, आणि गिअर पाच. पोलोसारखा जोर तिच्यात जाणवणार नाही. मात्र तिचे इंजेक्शन पोर्टमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीच्या हवेच्या वाटेत, होत असल्याने व्हॉल्व्हवरच्या कार्बनचा प्रश्न फारसा येत नाही आणि क्लच प्लेट बदलणे कोणत्याही चांगल्या गॅरेजला जमते. खंबाटकीसाठी तेवढी ताकद भरपूर आहे. अ‍ॅव्हरेजची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. हिंजवडीच्या गर्दीत टर्बो पेट्रोल अकरा-बारा दिली तरी समाधान मानावे.

उत्तर ३ : धायरीकर

एक गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, आणि पुण्यात गाडी घेताना ती विसरता येणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले. दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, आणि बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. तुमच्या दोन्ही गाड्या २०२४ पूर्वीच्या आहेत, म्हणून हे तपासाच.

मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत, बाहेर ओढा. बाहेरचा भाग सगळे धुतात, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ राहून जाते. माझ्या मेहुण्यासाठी पाहिलेल्या एका गाडीत मला ती रेघ दिसली. गाडी चकचकीत होती, सीटकव्हर नवे होते, आणि विकणारा शपथेवर सांगत होता की गाडी कधी पाण्यात गेलेली नाही. त्यानंतर पुढच्या सीटखालच्या रुळांचे स्क्रू, स्टेपनीची खोबण आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड टॉर्च लावून पाहा. विमा कंपनीकडे आजवर किती दावे झाले, हेही मालकाला विचारता येते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात लिहितो. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी आपल्या नावावर झाली, असे समजू नका. आरसीवर नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ई-चलान शिल्लक आहेत का ते गाडीच्या नंबरवरून पाहता येते. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, हे हिशेबात धरा.

कोथरूडकर (पुन्हा)

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी दोन्ही गाड्या पाहून आलो.

पोलोची बिले मालकाने लगेच दाखवली. तारखा कागदावर उतरवल्या तेव्हा २०२० च्या फेब्रुवारीनंतरचे पुढचे ऑइल थेट २०२२ च्या एप्रिलमध्ये बदललेले निघाले. मालक सज्जन होते. त्या काळात गाडी उभीच होती, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांच्याच सोसायटीच्या तळघरातल्या चढावर गाडी रिव्हर्समध्ये घेतली, तेव्हा थरथर मला जाणवली आणि शेजारी बसलेल्या पत्नीलाही. त्यांचे आभार मानून आम्ही निघालो. मोकळ्या रस्त्यावर ती गाडी फार सुरेख चालते, त्यामुळे निघताना वाईट वाटले हेही सांगतो.

अल्ट्रोझसाठी सकाळी सात वाजता पिंपळे सौदागरला पोहोचलो. बॉनेट गार होते. झाकणाखाली बोट फिरवले तर पातळ, मधाच्या रंगाचे ऑइल लागले. बिले चार, प्रत्येक वर्षाचे एक. मागचे दोन्ही बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, ते स्वच्छ होते. जुन्या कात्रज घाटात आमचे मेकॅनिक स्वतः सोबत आले आणि उतरताना मागच्या सीटवर उलटे वळून बसले; धूर दिसला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये अगदी कमी आरपीएमवर गाडी जरा मंद वाटते, पण दोन हजारांच्या आसपास ती छान उचलते. मेकॅनिकनी क्लच अर्धा वापरलेला असल्याचे सांगितले, आणि त्याबद्दल मालकाने पंधरा हजार कमी केले.

आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे, कर्ज मात्र मार्चमध्ये फिटलेले आहे. दहा हजार टोकन देऊन पावती घेतली असून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्यावरच उरलेली रक्कम द्यायची, असे लेखी ठरले आहे. गाडी घरी आली की वाईला जाण्यापूर्वी ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलून घेणार आहे. मेकॅनिकनी त्यासाठी शनिवारची सकाळ राखून ठेवली आहे.