मदत हवी आहे: ग्लिटर पोर्ट्रेटमध्ये चमक आणि त्वचा दोन्ही कशी सांभाळू?

नमस्कार मंडळी, रविवारी मामेबहिणीचं ग्लिटर पोर्ट्रेट, म्हणजे चेहऱ्यावर चमकी लावून फोटो, काढायचंय. चेहऱ्यासाठी कॉस्मेटिक ग्लिटरच आणलंय. हस्तकलेचं डोळ्यात गेलं तर बुबुळावर ओरखडा पडू शकतो, तिथे तडजोड नाही. गालांवर कोरफडीचं जेल लावून त्यावर चिकटवणार, नंतर खोबरेल तेलाने काढणार.

अडलंय ते प्रकाशापाशी. ८५ मिमी लेन्स, एफ/४, एकच फ्लॅश. चाचणीत फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) लावला तर त्वचा सुरेख आली, पण ग्लिटर राखेसारखं मंद. उघडा फ्लॅश बाजूने मारला तेव्हा कण अगदी लखलखले, मात्र कपाळ पांढरंफटक पडलं. समोर सॉफ्टबॉक्स ठेवून मागून कडेला दुसरा छोटा उघडा फ्लॅश द्यावा का? त्याची पॉवर किती ठेवता तुम्ही? कुणी असं केलं असेल तर मांडणी नक्की सांगा.