विषय: स्वनातीत विमानाचा दणका आणि लोकांना विचारायचा प्रश्न

काका, सप्रेम नमस्कार.
नासाच्या एक्स-५९ या स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या, विमानाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी पहिले उड्डाण केले आणि पुढे ते वस्त्यांवरून नेऊन त्याच्या आवाजावर लोकांची प्रतिक्रिया मोजणार आहेत, असे आपण लिहिले होते. आवाज यंत्राने मोजता येत असताना लोकांना विचारण्याची गरज का भासते? सध्या मी सुट्टीसाठी देवगडला आले आहे.

ताई, नमस्कार.
यंत्र आवाजाची पातळी सांगते, तो माणसाला सोसवतो की नाही हे सांगत नाही. १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिन्यांत स्वनातीत विमानांचे १,२५३ दणके मुद्दाम देण्यात आले, तेव्हा अखेरीस सुमारे २७ टक्के लोकांनी हे कायमचे सोसणे शक्य नाही असे सांगितले. १९७३ मध्ये अमेरिकेने जमिनीवरून नागरी स्वनातीत उड्डाणांना बंदी घातली. एक्स-५९ चे लांब नाक आणि पाठीवरचे इंजिन आघातलहरींना (विमानामुळे हवेत उठणाऱ्या दाबाच्या लाटांना) एकत्र येऊ देत नाही, म्हणून दणक्याऐवजी दबका 'धप्' ऐकू यावा अशी अपेक्षा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्या ह्यूस्टनजवळच्या गॅल्व्हेस्टनला एफ-१८ विमान समुद्रावर विशिष्ट सूर मारून असाच दबका आवाज गावावर पाडत होते, आणि सुमारे ५०० रहिवासी आपापली प्रतिक्रिया कळवत होते. कोणत्या पातळीला किती जण वैतागतात, याचा आलेख अशा उत्तरांवरूनच काढता येतो.
मला खरी काळजी प्रश्नातल्या शब्दाची वाटते. अशा पाहण्यांत पाच शब्दांची किंवा ० ते १० अंकांची मोजपट्टी वापरतात. कोकणात, जिथे खिडक्या दिवसभर उघड्या असतात आणि हादऱ्याने कौले खडखडली तर आवाज घरातूनच आल्यासारखा वाटतो, तिथे नेमके काय विचारावे? 'त्रास झाला का' एवढे पुरेल का? कृपया घरी विचारून पाहावे.

काका,
आमच्या गावाजवळच्या खाणीत दुपारी सुरुंग उडतात, म्हणून त्याविषयीच आत्याला विचारले. त्रास होतो का, यावर ती म्हणाली, "त्रास कसलो? सवय झाली." दचकतेस का, असे विचारल्यावर मात्र लगेच म्हणाली, "दर खेपेक." माझ्या मते हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे ठेवले पाहिजेत, आणि दुसरा प्रश्न आवाज झाल्या दिवशीच विचारला पाहिजे.