१०,००० टनांची छोटी बॅटलशिप: तोफा किती, चिलखत किती? (रंकाळ्यात तरंगवायची आहे)

रंकाळा_ड्रेडनॉट

मंडळी, १९३० च्या दशकातली एक काल्पनिक छोटी बॅटलशिप कागदावर उतरवतोय. पुढे तिचं १:१०० मॉडेल करून रंकाळा तलावात चालवायचं आहे, त्यामुळे नुसतं चित्र देखणं असून भागणार नाही, वजनं खरी बसली पाहिजेत. काम साधं आहे: कोकणासारख्या किनाऱ्यावर एका बंदराची राखण. समोर शत्रू वॉशिंग्टन कराराच्या (१९२२, युद्धनौकांवर मर्यादा घालणारा) मापातली क्रूझर, म्हणजे १०,००० टन आणि ८ इंची तोफा.

आत्ताचा आराखडा असा. लांबी १४० मीटर, रुंदी २०, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) ६.२, ब्लॉक कोइफिशंट (लांबी-रुंदी-खोलीच्या ठोकळ्याचा किती भाग जहाज भरतं) ०.५६. वेग २६ नॉट. १२ इंची सहा तोफा, दोन-दोनच्या तीन टरेटमध्ये (फिरत्या तोफघरांत; दोन पुढे, एक मागे). १५ सेंमीच्या बारा दुय्यम तोफा. बेल्ट (बाजूचं चिलखत) १०० मीटर लांब, ४ मीटर उंच, २५० मिमी जाड. डेक ७५ मिमी.

एवढं सगळं मावतं का? नसेल तर आधी कात्री कशाला लावू: तोफा, चिलखत की वेग?

वजनकाटा

मावत नाही. जवळजवळ १,८०० टन जास्त होतंय.

आधी जहाज किती उचलतं ते बघा. १४० × २० × ६.२ × ०.५६ म्हणजे ९,७२२ घनमीटर. समुद्राच्या पाण्याला १.०२५ ने गुणलं की ९,९६५ टन. एवढंच. करारातले १०,००० टन हे 'स्टँडर्ड' असतात, त्यात इंधन धरत नाहीत, हे खरं. पण पाण्याला करार वाचता येत नाही, त्यामुळे तरंगायच्या हिशेबात इंधन धरावंच लागतं.

आता दुसरी बाजू. हलचा (जहाजाच्या अंगाचा) सांगाडा ३६ टक्के धरा: ३,६०० टन. इंजिनासाठी ॲडमिरल्टीचं जुनं सूत्र: टनांचा २/३ घात गुणिले वेगाचा घन, भागिले २०० च्या आसपासचा आकडा. २६ नॉटला साधारण ४१,००० अश्वशक्ती येते, अश्वशक्तीमागे २० किलो धरले तर ८२० टन. इंधन ९००. माणसं, पाणी, शिधा, होड्या, नांगर मिळून ५००.

चिलखताचा हिशेब सरळ घनफळाचा, पोलाद ७.८५ ने गुणायचं. बेल्ट दोन्ही बाजूंचा १,५७० टन. डेक १०० × १९ मीटरचा धरून १,१२०. पुढची-मागची आडवी भिंत २०० मिमीची, दोन्ही मिळून २४०. टरेटखालचं गोल बार्बेट ८ मीटर व्यासाचं, ६ मीटर उंच, २०० मिमी जाड केलं तर एकेक २३७ टन, तीन म्हणजे ७१०. कॉनिंग टॉवर (जहाज चालवायची चिलखती खोली) १००. झाले ३,७४०.

तोफा: १२ इंची जोड-टरेट चिलखतासकट ४७० टनांच्या खाली धरू नका, तीनचे १,४१०. नळीमागे १०० गोळे, गोळा ३८६ किलो, दारूचं वजन त्याच्या तृतीयांश धरून ३१०. दुय्यम तोफा दारूगोळ्यासकट ३५०. विमानविरोधी तोफा, डायरेक्टर (तोफांचा नेम ठरवणारं यंत्र), रेंजफाइंडर (अंतर मोजणारं) १५०.

बेरीज ११,७८० टन. तुमच्या जहाजाचं पाणरेषेचं क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस मीटर, म्हणजे दर २० टनांना १ सेंमी बुडणार. १,८०० टन जादा म्हणजे ९० सेंमी. बेल्टचा वरचा २.२ मीटर भाग पाण्याबाहेर ठेवायचं ठरवलं असेल, तर उरला १.३. बंदर सोडायच्या आधीच चिलखत पाण्याखाली जायला लागलं.

ताळा म्हणून स्पेनची एस्पान्या बघा. ड्रेडनॉटांमधली (मोठ्या तोफा सगळ्या एकाच मापाच्या अशा बॅटलशिपांमधली) सगळ्यांत छोटी समजली जाते. १२ इंची आठ तोफा, २०३ मिमी बेल्ट, १९.५ नॉट. एवढ्याला १५,७०० टन लागले. तुम्ही दोन तोफा कमी करून, बेल्ट आणि वेग दोन्ही वाढवून १०,००० त बसवताय.

एमएच०९_सॅल्व्हो

मग १२ इंच तरी कशाला? १५ इंची चार टाका, एक गोळा बसला की क्रूझरचा विषय संपला. नाद खुळा!

जुनं_आरमार

भावा, गोळ्याचं वजन कॅलिबरच्या घनात वाढतं ते खरं. ८ इंचीचा ११६ किलो, २८ सेंमीचा ३००, १२ इंचीचा ३८६, १५ इंचीचा ८७९. पण टरेटही त्याच चालीनं फुगतो. ब्रिटिश १५ इंची जोड-टरेट ७५० टनांच्या पुढे जातो. रॉबर्ट्स हा मॉनिटर (मोठ्या तोफांची संथ नौका) घ्या: ८,००० टनांच्या आसपास, १५ इंची तोफा दोनच, वेग १२ नॉट. किनाऱ्यावरच्या हलत्या-न-हलत्या लक्ष्यावर मारा करायला उत्तम. १०,००० टनांत चार बसवल्या तर बेल्टला पत्राच राहील.

आणि चार नळ्यांची खरी अडचण वजनाची नाहीच, नेम बसवायची आहे. १५ किलोमीटरवर पहिला गोळा लागत नसतो. एक सॅल्व्हो (एकदम झाडलेली फैर) लांब, एक आखूड, मधे लक्ष्य पकडायचं आणि मग अंतर दुरुस्त करत जायचं. त्यासाठी प्रत्येक सॅल्व्होत तीन-चार गोळे पडलेले दिसले पाहिजेत. सहा नळ्या असतील तर तीन-तीनचे अर्धे सॅल्व्हो मारता येतात. चार असतील तर दोन-दोन, आणि दोन शिंतोड्यांवरून पांगापांग किती आणि चूक किती हे ओळखणं अवघड.

समोर ८ इंची क्रूझर आहे ना? तिच्यासाठी २८ सेंमी भरपूर. मी तर म्हणेन, तोफा मोजण्याआधी टरेट मोजा. छोट्या जहाजात खर्च नळीचा नसतो, टरेट, बार्बेट, कोठार आणि त्या सगळ्यावरून न्यावं लागणाऱ्या बेल्टचा असतो.

वजनकाटा

हेच आकड्यात मांडतो. तीन जोड-टरेटऐवजी २८ सेंमीचे तीन-तीन नळ्यांचे दोन टरेट करा, एक पुढे, एक मागे. असा टरेट सुमारे ६०० टनांचा, दोनचे १,२००, म्हणजे इथे २१० टन सुटले. बार्बेट मोठं होतं (९.५ मीटर व्यास धरला), तरी तीनाऐवजी दोनच, १५० टन सुटले. एक कोठार गेलं की बेल्ट १०० वरून ८६ मीटरवर येतो: बेल्टमध्ये २२०, डेकमध्ये १५५. एकूण ७३५ टन, आणि नळ्या सहाच्या सहाच. दारूगोळ्यात आणखी ७०.

पुढे बेल्ट २५० चा २००: २७० टन. साधारण लढाईच्या अंतरावर चिलखत शत्रूच्या कॅलिबरइतकं जाड हा ढोबळ नियम आहे आणि ८ इंच म्हणजे २०३ मिमी, तेव्हा २०० पुरेसं. डेक ७५ चा ६०: १९०. वेग २६ चा २२ नॉट: अश्वशक्ती ४१,००० वरून २५,००० वर, ३२५ टन. दुय्यम तोफा बाराच्या आठ: ११५. वेग उतरल्यावर इंधनात १००. सगळं वजा केलं की ९,९७० च्या आसपास येतं. बसलं.

रंकाळा_ड्रेडनॉट

जबरदस्त. पण २२ नॉट म्हणजे बैलगाडीच झाली की. क्रूझर ३२ नॉटनं पळते. आणि दोनच टरेट असताना एक गेला तर अर्धी ताकद गेली.

जुनं_आरमार

दोन्ही हरकती बरोबर आहेत, आणि दोन्हींना फुकटचा उपाय नाही.

वेगाचं आधी. एकाच जातीच्या तोफेभोवती दोन देशांनी दोन वेगळी जहाजं बांधली. स्वीडनची स्वेरिये: २८ सेंमीच्या चार, बेल्ट २०० मिमी, २२.५ नॉट, सुमारे ७,००० टन. जर्मनीची डॉइचलँड: २८ सेंमीच्या सहा, २८ नॉट, बेल्ट फक्त ८० मिमी. स्वीडनला आपला किनारा राखायचा होता, शत्रू तिथेच येणार होता. जर्मनीला महासागरात व्यापारी जहाजं मारायची होती, जड बॅटलशिप दिसली की पळायचं होतं. तुमचं काम स्वीडनचं आहे. बंदर पळत नाही. २२ नॉटची नौका क्रूझरचा पाठलाग करू शकणार नाही, पण क्रूझरला बंदरावर मारा करायचा असेल तर पल्ल्यात यावंच लागेल. उलट उघड्या समुद्रात अंतर ठरवायचा हक्क कायम वेगवान जहाजाकडे राहतो, हे लक्षात ठेवा.

टरेटचं उत्तर १३ डिसेंबर १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत आहे. डॉइचलँडच्याच जातीच्या ग्राफ श्पेकडे २८ सेंमीचे दोन टरेट, एका फैरीत १,८०० किलो. समोर ब्रिटिश बाजूच्या एक्झेटर, एजॅक्स आणि अकिलीस या क्रूझर, तिघींची मिळून फैर सुमारे १,५०० किलो. कागदावर ग्राफ श्पे भारी. पण लक्ष्यं तीन आणि टरेट दोन, त्यामुळे तिला मारा एकीवरून दुसरीवर फिरवत बसावं लागलं, आणि लक्ष्य बदललं की अंतर पुन्हा पहिल्यापासून पकडा. दुसऱ्या बाजूला एक्झेटरचे पुढचे दोन्ही टरेट निकामी झाले तरी मागचा तिसरा मारत राहिला. तिसऱ्या टरेटला ७३५ टन लागतात ते यासाठी. तुमची नौका एकटीच बंदर राखणार आणि दोन-तीन क्रूझर येणार असतील, तर हा मुद्दा हलका घेऊ नका. सोबत विनाशिका किंवा किनाऱ्यावरची बॅटरी असेल तर दोन टरेट चालतील.

(यातली अकिलीस १९४८ साली आपल्याकडे आली आणि दिल्ली नावानं १९७८ पर्यंत नौदलात होती.)

दुय्यम तोफांबद्दल एक. डॉइचलँडवरही १५ सेंमीच्या आठ होत्या, आणि त्यांच्या वजनाला फारसा न्याय मिळाला असं वाटत नाही. किनाऱ्याजवळ टॉर्पेडो बोटी येतात म्हणून सहा-आठ ठेवा, पण त्या विमानांवरही मारा करणाऱ्या असू द्या. फिनलंडच्या व्हायनामोयनेनवर २५४ मिमीच्या चार मोठ्या तोफांबरोबर १०५ मिमीच्या आठ होत्या, जेमतेम ३,९०० टनांत.

वजनकाटा

आणखी एक. ९,९७० म्हणजे शिल्लक शून्य. बांधताना वजन वाढतंच, कमी कधी होत नाही. ३ टक्के तरी हातात ठेवा. सगळ्यांत स्वस्त मार्ग: रुंदी २० ची २०.६ करा. उचल ३०० टनांनी वाढते, डेकचं वजन २५ टनांच्या आसपासच वाढतं. शिवाय बीएम (रुंदीतून मिळणाऱ्या स्थिरतेचं माप) रुंदीच्या वर्गात वाढतो, म्हणजे ४.८ मीटरवर जवळजवळ ३० सेंमी कमाई. मूळ आराखड्यात पुढच्या दोन टरेटपैकी मागचा, पुढच्यावरून मारता यावं म्हणून, वर चढवावा लागत होता. ४७० टन अडीच मीटर वर उचललं की सगळ्या जहाजाचा गुरुत्वमध्य १२ सेंमी वर सरकतो. एक-एक टरेट केल्यानं तेही वाचलं.

उद्यमनगर_टर्निंग

मॉडेलकडे येतो. १:१०० ला वजन दहा लाखांनी भागायचं. रंकाळ्याचं पाणी गोडं, त्यामुळे १.०२५ विसरा. १४० × २०.६ × ६.२ × ०.५६ सेंमीत केलं की बरोबर १० किलो. प्रत्येक टरेट ६०० ग्रॅम, त्याच्या वर नको. लोक टरेटचं घर पितळेच्या सळईतून भरीव करून आणतात आणि मग बोट पहिल्याच वळणावर आडवी होते. घर ०.५ मिमी पितळी पत्र्याचं किंवा प्लास्टिक शीटचं करा, वजन नळ्यांना द्या.

नळी: खरी २८ सेंमी तोफ साधारण १४.५ मीटर लांब आणि ४८ टनांची, म्हणजे तुमची १४५ मिमी आणि ४८ ग्रॅम. १० मिमी पितळी रॉडमधून ९ वरून ५ मिमीवर उतरत जाणारी नळी काढलीत तर वजन आपोआप त्याच्या जवळपास येतं, गंमत आहे. पण लांबी-जाडीचं गुणोत्तर वाईट आहे. एका टोकाला लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरून कापलीत तर रॉड टूलपासून लांब पळतो, तोंडाकडे जाड राहते आणि पृष्ठभागावर लाटा येतात. तोंडाकडून आधी २.८ मिमीचं भोक मारा, ते बोअरचं काम करतं आणि त्याच्यातच टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा) सेंटर बसतो. उतार १०५ मिमीवर ४ मिमीचा. दोन सेंटरमध्ये लावून टेलस्टॉक २.७५ मिमी बाजूला सरकवला की झालं. छोट्या लेथची कंपाउंड स्लाइड (टूल तिरकं सरकवणारी) १०५ मिमी जात नाही, तिच्या भरवशावर राहू नका. आणि पितळेला टूलचा वरचा उतार शून्य, नाहीतर टूल आत ओढलं जातं आणि नळी वाकून बाहेर येते.

थेट रंकाळ्यात टाकू नका. घरच्या टबात आधी कल चाचणी: बोट सरळ तरंगली की मधल्या रेषेवरचं ५० ग्रॅमचं वजन ८ सेंमी एका बाजूला सरकवा. आत ३० सेंमीचा ओळंबा टांगलेला असू दे. जीएम (बोट किती स्थिर आहे याचं माप) १ सेंमी असेल तर ओळंबा १२ मिमी सरकतो. २४ सरकला तर जीएम अर्ध्या सेंमीवर आहे, तळाला शिसं टाका आणि तेवढंच वजन वरून काढा. वारा १:१०० ला लहान होत नाही, म्हणून मॉडेलला दीड सेंमी जीएम हवाच. तेव्हा ओळंबा ८ मिमी दाखवेल.

रंकाळा_ड्रेडनॉट

मग ठरलं: २८ सेंमीच्या सहा, दोन टरेट, बेल्ट २००, डेक ६०, २२ नॉट, रुंदी २०.६. तिसऱ्या टरेटचे ७३५ टन परवडत नाहीत, त्याऐवजी किनाऱ्यावर बॅटरी धरतो. सर्व्होनं (छोट्या मोटरनं) नळ्या वर-खाली करायच्या असतील तर पुढचं ओझं जास्त होईल का?

उद्यमनगर_टर्निंग

होईल. घराबाहेर १०५ मिमी आणि आत ४० मिमी. आतला भाग ९ मिमीचा बारीक न करता तसाच ठेवा, त्यालाच मागे शिशाचा तुकडा स्क्रूनं बसवा आणि बिजागरीवर नळी आडवी राहीपर्यंत शिसं कमी-जास्त करा. मग ९ ग्रॅमचा सर्व्हो तिन्ही नळ्या सहज उचलतो. शिसं धरून टरेट पुन्हा काट्यावर ठेवा, ६०० च्या वर गेला असेल तर पत्रा कमी करा.