मदत हवी आहे: दोघांनी चालवायची जुनी टँडेम सायकल, बेळगाव, बजेट १५,०००

हिंदवाडीकर:

नमस्कार मंडळी,

मला आणि माझ्या बायकोला मिळून चालवायला एक जुनी टँडेम घ्यायची आहे. दोन सीट, दोन हँडल, चार पेडल, तीच ती. बजेट १५,०००, त्यात गाडीभाडंही आलं. पन्हाळ्याला जायचं नाही की अंबोलीला. रहदारी सुरू व्हायच्या आत सात-आठ किलोमीटर फिरून यायचं आणि चहा घ्यायचा, एवढंच.

"त्यापेक्षा दोन साध्या सायकली घ्या" हा सल्ला टळावा म्हणून कारणही सांगून टाकतो. बायकोला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. समोरचं दिसतं, पेपर वाचते, पण बाजूचं दिसणं बरंच कमी झालंय आणि दिवेलागणीनंतर काहीच उमजत नाही. लग्नाआधी ती शहापूरहून टिळकवाडीला कॉलेजला सायकलनेच जायची. पाय अजून माझ्यापेक्षा दमदार आहेत. स्कूटरवर मागे बसून फिरणं तिला मनापासून नकोसं झालंय. "मला बसवून नेऊ नकोस, मला पेडल मारू दे," असं तिचं म्हणणं.

खडे बाजार, शहापूर सगळीकडे विचारून झालं. नवी मागवून देतो म्हणतात, पण किंमत ऐकली की आपण नमस्कार करून बाहेर. पुण्यात एक डिस्क ब्रेकवाली अॅल्युमिनियमची जुनी आहे, २८,०००. तो विषय संपला.

आता दोन वाटा उरल्यात. म्हापशाजवळच्या एका बंद पडलेल्या होमस्टेची टँडेम ९,००० ला आहे. फोटोवरून स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, मागे सहा गिअर, दोन्ही क्रँकना (पेडलच्या दांड्यांना) जोडणारी चेन डावीकडे. रिमना गंज दिसतोय. समुद्राची हवा, दुसरं काय होणार. दुसरी वाट म्हणजे उद्यमबागेत एक फॅब्रिकेटर ओळखीचा आहे. तो म्हणतो, दोन जुन्या काळ्या सायकली आणून द्या, जोडून देतो, पाच हजारांत काम होईल. माझं मन खरं तर या दुसरीकडे ओढ घेतंय, कारण बिघडली तर माणूस गावातच आहे.

काय करावं? आणि म्हापशाची बघायला गेलो तर नेमकं काय तपासू? साध्या सायकलीचं पंक्चर, ब्रेक, चेन मी घरी करतो, टँडेमला मात्र हात लावलेला नाही.

निपाणीवाला:

जोडकाम नको गा. आमच्याकडं मिरवणुकीसाठी एकानं केलती, गर्दीतनं ढकलत न्यायला लई झकास. रस्त्यावर तुमच्या दोघांच्या वजनानं काय होईल ते बगा. काळ्या सायकलीच्या नळ्या पातळ असत्यात, लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या टोपणात, पितळ सोडून ब्रेझिंगनं जोडलेल्या. गेट-ग्रिल करणारा त्यावर आर्क वेल्डिंग मारतो. नळी टाक्याच्या कडेला जळून कमजोर होते, वरनं रंग मारला की कळतबी नाही.

दुसरं म्हणजे पेडलचे आटे. डाव्या पेडलचे आटे उलटे असत्यात. चेन डावीकडं घ्यायची म्हणून उजवा चेनव्हीलवाला क्रँक फिरवून तिकडं बसवला, तर सरळ आट्याचं पेडल डाव्या बाजूला येतं आणि चालवता चालवता सैल होऊन गळतं. तुमच्या माणसाला हे विचारा. गप्प बसला तर समजा.

चेनकव्हर:

निपाणीवाल्यांशी सहमत. फ्रेमच्या बाबतीत काटकसर नको.

म्हापशाला जाणार असाल तर रंगाकडे बघू नका, सांध्यांकडे बघा. टँडेमवर सगळा पीळ खालच्या नळीवर येतो, पुढच्या बॉटम ब्रॅकेटपासून (क्रँकचा एक्सल फिरतो ते घर) मागच्यापर्यंत जाते ती. तिच्या दोन्ही टोकांना, हँडलच्या नळीच्या खाली आणि मागच्या सीटच्या नळीशी बोट फिरवा. रंगाला केसासारखी चीर आणि त्यातून गंजाची रेघ आली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. सायकल उभी धरून एकाने पुढचं हँडल घट्ट पकडायचं, दुसऱ्याने मागचा क्रँक बाजूला ढकलायचा. थोडी लवचीक वाटेल, तेवढं चालतं. कट् आवाज आला तर नाही.

डावीकडची चेन ही रचना बरोबर आहे, पण तिचे क्रँक वेगळे असतात आणि सुटे सहज मिळत नाहीत. त्यामुळे चेनव्हीलचे दात नीट बघा, आकड्यासारखे वाकडे झालेत का. चेन मोजायला साधी फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरलं पाहिजे. सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदलायची, अष्टमांश भरलं तर दातेही गेलेत असं धरा. ही चेन सैल असेल तर चढावर उतरते. ती ताणायला पुढचा बॉटम ब्रॅकेट एका तिरक्या, म्हणजे मध्य सोडून भोक असलेल्या, गोल डब्यात बसवलेला असतो, तो फिरवला की एक्सल पुढेमागे सरकतो. खाऱ्या हवेत हा डबा गंजून जाम होतो. पाना घेऊन जा आणि तिथेच फिरवून बघा. मी तरी एवढ्यावरच होय की नाही ठरवेन.

चाकं आणि ब्रेकचा खर्च धरूनच चाला. दोघं आणि सायकल मिळून दीडशे किलोच्या आसपास जाल, आणि स्टीलच्या ओल्या रिमवर ब्रेक रबर धरत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा कधी असतो? ३६ तारांच्या अॅल्युमिनियम रिम घालून घ्या. २६ इंची आहे हे उत्तम, टायर-ट्यूब कुठल्याही दुकानात मिळेल.

जांबोटी नाका:

गाडीभाड्याची चिंता सोडा. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, चोर्ला घाटातून परत येताना टेम्पो रिकामे असतात. मार्केट यार्डात पहाटे जाऊन बोला, बसपेक्षा स्वस्तात आणतील. चाकं काढून आणू नका, अख्खीच आणा, खाली पोती टाकून. टेम्पोची लांबी आधी विचारा, टँडेम आठ फूट तरी भरते.

मागची सीट:

मी मूळची खानापूरची, आता पुण्यात असते. मला अजिबात दिसत नाही, मोबाईल वाचून दाखवतो त्यावर लिहिते आहे. इथल्या अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशनमुळे टँडेमची सवय लागली. ते दिसणारे आणि न दिसणारे असे जोडीने सायकल चालवायला नेतात, मनालीहून लडाखच्या खार्दुंगला खिंडीपर्यंतही नेलेत.

वरचे सगळे सल्ले सायकलीचे आहेत आणि बरोबरच आहेत. पण काका, सायकल काकूंसाठी घेताय ना? मग मोजमाप मागच्या सीटपासून सुरू करा. मागचं हँडल पुढच्या सीटच्या खांबाला पकडलेलं असतं आणि ते वळत नाही. पुढची सीट अगदी खाली घ्यावी लागली तर त्या हँडलला जागाच उरत नाही. जुन्या टँडेममध्ये दोन सीटमधलं अंतर तोकडं असतं, मागच्याचं नाक पुढच्याच्या पाठीत. काकूंची उंची सांगा. त्या सलवार घालणार असतील तर मागची नळी खाली उतरलेली आहे का, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून जाळी आहे का, तेही बघा.

दोघांचे क्रँक एकत्र फिरतात. तुम्ही पेडल थांबवलंत की त्यांचे पाय थांबणार, न सांगता थांबवलंत तर गुडघ्याला हिसका. म्हणून "थांबतोय", "खड्डा", "गिअर" मोठ्याने बोलायचं, लाज धरायची नाही. निघताना तुम्ही पाय फाकून दोन्ही ब्रेक दाबून उभं राहायचं, काकू आधी बसतील, पाय पेडलवर ठेवतील, मगच निघायचं. उतरताना उलट, तुम्ही उभे राहिल्याशिवाय त्यांनी हलायचं नाही.

आणि विकत घेण्याआधी काकूंना घेऊन जा. फोटो पाहून तुम्ही एकट्याने घेऊन येऊ नका.

हिंदवाडीकर:

सगळ्यांचे आभार. फॅब्रिकेटरला आट्यांचं विचारलं. "ते नंतर बघू की हो" म्हणाला. वाट बंद.

बायकोची उंची पाच फूट एक. मी पाच-सात. होमस्टेवाल्यांनी फोनवर मापं दिली. दोन सीटच्या खांबांमधलं अंतर ६३ सेंटिमीटर. मागची नळी खाली उतरलेली आहे. जाळी नाही, ती मी पत्र्याच्या दुकानातून करून घेईन. रविवारी दोघंही जातोय. तुमचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. तिने एकच विचारलंय: घंटी मागे बसवता येते का? पुढे मी वाजवायला विसरतो असं तिचं मत आहे.

मागची सीट:

६३ म्हणजे आटोपशीर आहे, पण त्यांच्या उंचीला जमेल. मागचं हँडल जरा वर उचललं की बरं पडेल. घंटी मागेच बसवा! माझ्याकडे तशीच आहे.

चेनकव्हर:

सराव व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात करा, वळायला जागा लागते. मग कॅम्पातले रस्ते, सकाळी सहाला झाडाखालून मोकळे असतात. येळ्ळूर रोडही छान, दोन्ही बाजूला भाताची शिवारं, फक्त राजहंसगडाच्या चढाला हात लावू नका. रेल्वे गेट ओलांडताना रूळ काटकोनात कापा, लांब सायकल तिरकी घातली की मागचं चाक घसरतं. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गर्दी असेल तर सरळ उतरून ढकला.

हिंदवाडीकर:

एक राहिलं. तो तिरका डबा फिरवायला कुठल्या मापाचा पाना लागतो? माझ्याकडे अॅलन कीचा सेट आहे आणि सायकलवाल्यांचा जुना चपटा पाना. आणि जाम निघाला तर केरोसीन सोडून थांबावं, की तसंच परत यावं?

चेनकव्हर:

बहुतेकांना खालून दोन अॅलन स्क्रू असतात, पाच किंवा सहा नंबरची की. काहींना डब्याच्या तोंडावर दोन भोकं असतात, त्यात टोकं अडकवून फिरवायचं, त्यासाठी दोन पिना असलेला पाना न्या. केरोसीन, हलक्या हाताने हातोडी, अर्धा तास. तरीही हलला नाही तर किंमत ६,००० सांगा, नाही म्हणाले तर म्हापशात मासळी खाऊन परत या.